दांडे कड्यांतच होते

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये प्रेमळ आशीर्वाद.

देव अंतःकरण पाहतो, मग त्याच्याजवळ जाण्याचे इतके नियम कशाला, हा तुझा प्रश्न दोन दिवस माझ्या मनात घोळत आहे. देवाच्या कोशाला हात लावताच उज्जा मेला, ही बायबलमधली हकीकत वाचून तुला देवाचा राग आला, हे तू लपवले नाहीस याचे मला बरे वाटले. त्या दिवशी दावीद राजाही संतापला होता, आणि मग भ्याला होता.

ती हकीकत पुन्हा एकदा सावकाश वाच. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, अबीनादाबाच्या घरातून न्यायचा होता. निवडक 30,000 माणसे, वाद्यांचा गजर आणि कोशासाठी मुद्दाम केलेली नवी गाडी. उत्साह कमी होता असे कोण म्हणेल? पण कोश गाडीवर ठेवायचाच नव्हता. मोशेने लेव्यांच्या, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, कुळांपैकी गेर्षोनाच्या वंशजांना 2 आणि मरारीच्या वंशजांना 4 गाड्या दिल्या, कहाथाच्या वंशजांना मात्र एकही दिली नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरूनच वाहायच्या होत्या. नव्या गाडीची रीत इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांची होती, आणि त्यांना नियमशास्त्र मिळालेले नव्हते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते दांडे. बाभळीच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले ते दांडे कोशाच्या कड्यांतून कधीही काढू नयेत, अशी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आज्ञा आहे. म्हणजे कोश कसा न्यायचा याचे उत्तर कोशालाच लावून ठेवलेले होते. बैल अडखळले आणि उज्जाने हात पुढे केला तेव्हा चूक घडली असे आपण समजतो. माझ्या मते ती घरातून निघतानाच घडली होती.

ती शिक्षा मलाही जड वाटते आणि ती सौम्य करून मी तुला सांगणार नाही. पण तोच कोश पुढचे 3 महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला आणि त्यामुळे त्याच्या घराण्याला आशीर्वाद मिळाला, हेही तिथेच लिहिले आहे. नंतर दाविदाने लेव्यांना बोलावले, पहिल्या वेळी आपण विधीप्रमाणे देवाला शरण गेलो नाही हे मोकळेपणाने कबूल केले, आणि कोश दांड्यांनी खांद्यावर उचलला गेला. वाहणारे सहा पावले चालले तेव्हा त्याने यज्ञ केला, आणि मग तो परमेश्वरासमोर जीव ओतून नाचला. आज्ञा पाळल्याने त्याचा आनंद आटला नाही, उलट भीती सरली.

आता माझे सांगतो. तुझ्या काकांशी माझा सात वर्षे अबोला होता, आणि ती सातही वर्षे मी गायकवर्गात उभा राहून मनापासून गात होतो. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, हे प्रभूचे सांगणे मला तोंडपाठ होते. एकदा उपासनेत ते मी वाचूनही दाखवले होते. एका रविवारी ते गळ्यातून खाली उतरेना. अर्पणाचे पाकीट बाकावर ठेवून मी उठलो आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचे ते ठरले नव्हते. दार काकांनीच उघडले.

तुझे,
बाबा