नारळाचं पोतं उचलणाऱ्या नानांस

तीर्थस्वरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शिमगा सरला, रूपं म्हणजे देवाचे मुखवटे उतरून पेटीत गेले, चाकरमानी मुंबईला पोचून कामाला लागलेसुद्धा. आमच्या आई मात्र अजून दुपारी पडवीत बसल्या की मधूनच डोळे पुसतात. विचारलं तर म्हणतात, "काय नाय गो, धूर गेला डोळ्यात." आणि चूल तर कधीची विझलेली असते. म्हणून हे पत्र. समोर येऊन बोलले असते तर तुम्ही "बरं बरं" म्हणून अडकित्ता हातात घेतला असतात आणि माझं सगळं बोलणं घशातच राहिलं असतं.

आमच्याकडचा शिमगा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रत्नागिरीकडे फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला, शिमगा लागतो. कुठे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे, कुठे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. देवाची रूपं पालखीत बसतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते आणि मग घरोघर फिरते. एरवी आपण देवाच्या दारात जायचं. या दिवसांत देव आपल्या दारात. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर? पहिला नारळ कोणाचा? गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं, कोण घालणार? पेटीची किल्ली कोणाकडे?

आपल्या दोन वाड्यांचं यावरून वाजलं आणि पालखी पऱ्याच्या, म्हणजे मधल्या ओढ्याच्या, पलीकडूनच मागे फिरायला लागली. ढोल इकडे ऐकू यायचे. आई दर शिमग्याला अंगण सारवायच्या, सुपात खण, तांदूळ, नारळ मांडायच्या आणि रात्री नारळ उचलून कोनाड्यात ठेवायच्या. "देव रागावलेला नाय," म्हणायच्या, "त्याला आणणारे रागावलेत." आमच्या वाडीतले पुरुषही काही कमी नव्हते बरं. छाती काढून पऱ्याच्या अलीकडे उभे.

मिटवायला कोण कोण नाही आलं! मुंबईत हॉल घेऊन बैठक झाली. तिथे वडापाव संपले, भांडण शिल्लक राहिलं. एक पुढारी आले, कोंबडी-वडे जेवले, "दोन्ही बाजूंनी समजुतीनं घ्या" म्हणाले आणि गाडीत बसले. ज्यांच्यावर तंटे मिटवायची जबाबदारी, त्यांचाच डोळा पुढच्या दांड्यावर. कौल लावून झाले. उजवा कौल मिळाला, तर प्रश्न कसा विचारला होता यावरून नवं भांडण. कोणीतरी सुचवलं की २०१७ पासून राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, सरळ तक्रार करा. कायदा हवाच, ज्यांना वाळीत टाकतात त्यांच्यासाठी तर हवाच हवा. पण आईंनी ऐकून एवढंच विचारलं, "पोलिसांनी आणलेल्या देवाची ओटी मी कशी भरू?"

आणि हे सगळं कुठे? तर ज्या जिल्ह्यात १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर बांधलं, तिथे. आपण तर एकाच कुळाचे भाऊबंद.

मग या वर्षी रूपं लागायच्या दिवशी तुम्ही गाऱ्हाण्याला उभे राहिलात. मी बायकांमध्ये, सभामंडपाच्या खांबाला टेकून. आम्हाला वाटलं, नेहमीचंच असणार. तुम्ही म्हणालात, "देवा, ह्यो मान तुजा. माज्या आज्यानं संबाळला, बापानं संबाळला, मी पन संबाळला. संबाळता संबाळता तुज्यापरीस मोठा झाला. आता तुजा तू घे." पेटीची किल्ली गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलीत आणि बाजूला झालात. "व्हय म्हाराजा" म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. शेवटी गुरवच एकटा म्हणाला.

पुढे कोणी काय ठरवलं, कोण रुसलं, कोणाची समजूत कोणी काढली, ते राहू दे. पालखी पऱ्या ओलांडून आली.

मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं. आमच्या खळ्यात पालखी नाचून टेकली. आईंनी ओटी भरली. हात इतके थरथरत होते की अर्धे तांदूळ खालीच. पालखी परत उचलताना तुम्ही माझ्या पुतण्याकडे वळलात. कॉलेजातलं पोर, जन्मात दांड्याला हात लागलेला नाही, मोबाइल धरून कोपऱ्यात उभं. तुम्ही स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढलात. चौपदरी घडी, गुलालानं लाल, घामानं ओला. तो त्याच्या खांद्यावर ठेवलात, दांडा मानेला लागू नये म्हणून जरा बाहेर सरकवलात, वरून दोनदा थोपटलात. "पाय बगून टाक रे," एवढंच. आणि तुमच्या वयाचा माणूस, पिढ्यान्‌पिढ्यांचा मानकरी, मागे गेलात आणि नारळांचं पोतं पाठीवर घेतलंत. ते काम शेंबड्या पोरांचं. कोणी धरायला आलं तर हातानं झटकलंत.

नाना, मान सोडला म्हणून सांगत फिरणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा सोडलेला मान धरलेल्यापेक्षा जड असतो. सत्कार घ्यावा लागतो त्याचा. तुम्ही मात्र सोडलात आणि लगेच कामाला लागलात. देवापुढे नमणं म्हणजे नाक घासणं असं मला लहानपणापासून वाटायचं. तुमचं नमणं पोत्याखाली वाकलेलं पाहिलं.

अशी माणसं आहेत हो अजून. घाटीवरून म्हातारी उतरताना दिसली की घंटी न मारता थांबणारा एसटीचा कंडक्टर, गणपतीत दुसऱ्याच्या घरची आरती आपल्या घशानं ओढून नेणारा शेजारी. त्यांच्यावर कोणी फ्लेक्स लावत नाही, आणि लावलाच तर ते स्वतःच काढून गोठ्यावर घालतील पावसाळ्यात!

आईंनी तुमच्यासाठी आमसुलं काढून ठेवली आहेत. वहिनींना सांगा, मीठ बेताचं आहे. टॉवेल मात्र मिळायचा नाही. पुतण्या मुंबईला घेऊन गेला.

आणि एक विनंती. गणपतीला माझे दीर येणार आहेत. इतकी वर्षं ते तुमच्या घरावरून जाताना मान फिरवून जायचे. आता त्यांना यायचं आहे, पण लाजतात. वाटेवर दिसले तर तुम्हीच हाक मारा.

तुमची,
पऱ्याअलीकडच्या वाडीतली सून