चेक नास्तिकतेचे खापर एकट्या कम्युनिस्टांवर नको

महोदय,

युरोपातील ओस पडलेल्या चर्चविषयीच्या आपल्या रविवारच्या लेखात चेक लोकांच्या नास्तिकतेचे सारे खापर १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीवर फोडले आहे. तसे असते तर स्लोव्हाकियाही आज तसाच दिसला असता. तेव्हा दोन्ही मिळून चेकोस्लोव्हाकिया हा एकच देश होता, राजवट एकच होती, मठांवर धाडीही दोन्हीकडे एप्रिल १९५० मध्येच पडल्या. तरी २०२१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक स्लोव्हाकांनी आपण कॅथलिक असल्याचे नोंदवले, तर जवळपास ४८ टक्के चेक लोकांनी धर्म नसल्याचे सांगितले. सुमारे ३० टक्क्यांनी तर तो रकाना कोराच ठेवला.

हे दुखणे बरेच जुने आहे. पापक्षमेची पत्रे विकणाऱ्या चर्चवर कोरडे ओढणाऱ्या यान हुस या धर्मगुरूला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने जिवंत जाळायला लावले, तेही जर्मन राजा सिगिस्मुंडचे अभयपत्र हाती असताना. त्याचे अनुयायी पोपच्या फौजांना पुरून उरले. पण १६२० मध्ये प्रागजवळ बिला होरा येथे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचे, प्रोटेस्टंट हरले आणि तिथे राज्य करणाऱ्या कॅथलिक हॅब्सबर्ग सम्राटांनी सूड उगवला. प्रागच्या चौकात २७ पुढाऱ्यांना देहदंड झाला. १६२७ पासून कॅथलिक व्हा नाहीतर चालते व्हा, असा खाक्या. चालते होण्याची मुभाही सरदार आणि शहरवासीयांपुरतीच. शेतावर बांधलेल्या कुळांना मुकाट बाटण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत भेटणारा कोमेनियस याच काळात परागंदा झाला. १७८१ मध्ये सहिष्णुतेचा हुकूम निघाला, त्यातही ल्यूथर आणि कॅल्विनच्या पंथांना जागा मिळाली, हुसच्या पंथाला नाहीच!

असा वरून लादलेला धर्म हॅब्सबर्ग बादशाहीबरोबरच डळमळणार होता. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस स्वातंत्र्य मिळाले आणि आठवड्याभरातच जमावाने प्रागच्या चौकातील, हॅब्सबर्ग सत्तेची खूण मानला जाणारा मेरीचा स्तंभ पाडला. पुढल्या काही वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च सोडले. काही नव्या राष्ट्रीय चर्चमध्ये गेले, पण अनेकांनी दुसरा कुठलाच पंथ धरला नाही. तेव्हा कम्युनिस्ट सत्तेच्या जवळपासही नव्हते.

कम्युनिस्टांनी धर्मगुरूंना तुरुंगात डांबले, हे खरेच. पण पोलंडमध्ये रशिया आणि प्रशियाच्या अमलाखाली चर्च लोकांच्या बाजूचे मानले गेले, म्हणून पुढे कम्युनिस्टांविरुद्धही लोक त्याच्या पाठीशी राहिले. बोहेमियात चर्च तीनशे वर्षे सम्राटाच्या पंगतीला बसले होते.

— एक वाचक, ठाणे