केराटोकोनसची ‘स्टेज’ सांगताना मोजमापेही द्यावीत

महोदय,

माझ्या सतरा वर्षांच्या मुलाचा तिरका नंबर दर काही महिन्यांनी बदलू लागला म्हणून त्याच्या पारपटलाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) तपासणी करून घेतली, तेव्हा एका केंद्राने केराटोकोनसची (पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या आजाराची) पहिली स्टेज सांगितली आणि पंधरवड्याने दुसऱ्या केंद्राने दुसरी. आजार पंधरा दिवसांत बळावला, अशीच घरात सर्वांची समजूत झाली. वास्तविक दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर होते. मोजपट्ट्या निराळ्या होत्या, एवढेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या केंद्राने जुन्या ॲम्सलर-क्रुमाइख पद्धतीने, म्हणजे मुख्यतः पुढच्या पृष्ठभागाच्या वक्रतेवरून श्रेणी लावली होती. त्यात सरासरी वक्रता ४८ डायॉप्टरच्या (वक्रता मोजण्याच्या एककाच्या) आत असली की पहिली स्टेज. परंतु पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागते तेव्हा पुष्कळदा मागचा पृष्ठभाग आधी बदलतो, आणि डोळ्यावर पडलेल्या वर्तुळांचे प्रतिबिंब वाचणाऱ्या यंत्राला तो दिसतच नाही. तो दिसतो फिरत्या शाइमफ्लुग कॅमेऱ्याला, म्हणजे फिरत फिरत पारपटलाच्या छेदांची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला. अशा प्रतिमांवर आधारलेल्या, दुसऱ्या केंद्राने वापरलेल्या एबीसीडी पद्धतीत पुढची वक्रता, मागची वक्रता, सर्वांत पातळ जागेची जाडी आणि चष्म्यासह दिसणारी दृष्टी यांना प्रत्येकी शून्य ते चार अशी स्वतंत्र श्रेणी मिळते. मुलाच्या पारपटलाची जाडी ४६२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून तिथे एक. पुढच्या वक्रतेलाही एक. मागच्या वक्रतेला मात्र दोन, आणि तीच ‘दुसरी स्टेज’ म्हणून आम्हाला सांगितली गेली.

नागपूरजवळच्या खेड्यांतील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतील केराटोकोनसचे २.३ टक्के हे प्रमाण वारंवार सांगितले जाते. तेही पुढच्या पृष्ठभागाची ४८ डायॉप्टर ही एकच रेषा धरून काढलेले आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

हा केवळ शब्दांचा घोळ नाही. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांनी पारपटल ताठ करणारे क्रॉसलिंकिंग आजार थोपवण्यासाठी असते, गेलेला आकार परत आणण्यासाठी नव्हे. त्यामुळे ते कधी करायचे हे आजची प्रतिमा सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतिमेशी ताडूनच ठरते. नेहमीच्या पद्धतीत वरचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी उरावी लागते, म्हणजे वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. फायलीत नुसते ‘स्टेज २’ असेल, तर ताडायचे कशाशी?

म्हणून तपासणी केंद्रांना विनंती, की अहवालात यंत्राचे नाव, श्रेणी लावण्याची पद्धत आणि सर्व मोजमापे लिहावीत, रंगीत नकाशाची मूळ पाने रुग्णाच्या हाती द्यावीत आणि नकाशाची रंगपट्टी दर वेळी तीच ठेवावी, कारण पट्टी बदलली की तोच डोळा अधिक लाल दिसतो आणि पालकांची झोप उडते. कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी काढली होती, याचीही नोंद हवी.

मुलाची पुढची तपासणी दुसऱ्या केंद्रातील त्याच यंत्रावर ठरली आहे. पहिल्या केंद्राकडे मागितलेला मूळ नकाशा अद्याप मिळालेला नाही.

– एक पालक, वर्धा