साहेब, तुम्ही धरलेला हात आता प्लॅस्टरमध्ये आहे

प्रति,
मा. मंत्रिमहोदय
(नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र पोचेपर्यंत खातं बदललं तर वाया जायला नको.)

विषय : रंकाळ्याच्या पदपथावरील गटारीचे झाकण, नग १, अंदाजे २ फूट बाय दीड फूट.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपण आमच्या कोल्हापुरात आलात. सकाळी सकाळी रंकाळ्यावर फेरी मारलीत. आम्ही पाच-सहा म्हातारी मंडळी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर बसलो होतो. आपण थांबलात, माझा उजवा हात दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, "काका, आठ दिवसांत काम सुरू. माझा शब्द." फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी छापूनही आला. त्यात माझा हात स्पष्ट दिसतो, चेहरा कापला गेलाय. त्याबद्दल काही तक्रार नाही. एवढा मोठा माणूस आमच्यात दोन मिनिटं उभा राहिला, बरं वाटलं.

कळवायचं ते इतकंच, की तोच हात मनगटात दोन ठिकाणी मोडला आहे.

आठ दिवसांचे तेवीस दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला निघालो. ओळीनं चार दिवे बंद. ज्या झाकणाबद्दल मी आपल्याला बोललो होतो, ते तेव्हा निदान फुटकं का होईना, जागेवर होतं. त्या दिवशी तेही नव्हतं. कुणी काढलं, का काढलं, देवाला माहीत. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत, मी पुढे, आणि सगळा भार उजव्या हातावर. काट्क असा आवाज आला. मला आधी वाटलं पेन्सिल मोडली, कारण पेन्सिल त्याच हातात होती. फिरायला आलेल्या दोन पोरांनी उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. पोरांचे नाव-पत्ते विचारायचं सुद्धा सुचलं नाही. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, बिल ६८ हजार.

हे पत्र माझी नात टाइप करतेय, मी सांगतोय. डाव्या हातानं सही करून बघितली, बँकेत चालणार नाही अशी आली.

मी ड्रॉइंग मास्तर. चौतीस वर्षं पोरांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची घोकंपट्टी करून घेतली. ती पोरं आज कुठं कुठं आहेत. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी एकच काम, रंकाळ्यावर बसून संध्यामठ काढायचा. आपल्याला तो दिसला असेल-नसेल, आपल्याभोवती माणसं फार होती. पाण्यात उभी असलेली दगडी इमारत ती. वैशाखात पाणी उतरलं की तिचे खांब पायापर्यंत उघडे पडतात आणि पावसाळ्यात नुसती कपाळपट्टी वर राहते. एकच चित्र, पण रोज वेगळं. पाणी रंगवायला तरुणपणी मी प्रशियन ब्लूत थोडा काळा मिसळायचो. पुढं पुढं निळ्याची ट्यूब संपेनाशी झाली आणि सॅप ग्रीन महिन्याला एक लागायला लागली. तळं कसं होतं आणि कसं झालं याचा दुसरा अहवाल मी देऊ शकत नाही. माझ्या कपाटात अकराशे कागद आहेत, तारखेसकट. बघायला या. चहा देऊ.

आता तेही बंद. हाताला मुंग्या येतात. डाव्या हातानं पांढरा रस्सा ओरपताना बनियनवर सांडतो. लेंग्याची नाडी बायको बांधते आणि बांधताना रोज म्हणते, "कशाला गेला होतासा अंधाराचं? आणि हात तरी कुणाच्या हातात दिलासा!" एकाहत्तराव्या वर्षी हे ऐकून घ्यायचं. डॉक्टर म्हणतात बोटं हलवत राहा, सहा महिन्यांत पेन्सिल धरता येईल, "बहुतेक". त्या बहुतेकनं रात्री झोप लागत नाही.

तक्रार केली का, असं आपलं कार्यालय विचारेल. केली ना. पडायच्या आधी चार वेळा लेखी केली, पोच आहे. पडल्यावर नातीनं ॲपवर फोटो टाकून केली. तीन दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. आपला अभिप्राय द्या.' पाच चांदण्या पण होत्या खाली. मी गळ्यात हात अडकवून, रिक्षा करून, तिथं जाऊन बघितलं. निराकरण झालं होतं ते तक्रारीचं. खड्डा होता तसाच. आत पाण्याची एक बाटली आणि कुणाची तरी चप्पल. कोल्हापुरीच होती, म्हणजे बळी गावचाच.

राहवत नाही म्हणून थोडं मागचं सांगतो. मास्तर आहे, सवय जात नाही.

साहेब, हे तळ्यांचं गाव आहे. रंकाळा तर मुळात दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड इथनं गेला, मग भूकंपात जमीन खचली आणि पाणी फुटलं, असं आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. रंकभैरवावरून नाव पडलं. पण रंकाळा काही एकटा नव्हता. कपिलतीर्थ तळं होतं, तिथं आज भाजी मंडई आहे. वरुणतीर्थ तळं होतं, त्याचं गांधी मैदान झालं. पेटाळा, खंबाळा, सिद्धाळा ही सगळी तळ्यांची नावं आहेत हो, नवी पोरं ती बसस्टॉपची समजतात. तळं बुजवलं तरी पाणी वाट विसरत नाही. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात अजूनही गुडघाभर पाणी उभं राहतं आणि दर वर्षी आपले अधिकारी आश्चर्यचकित होतात.

कोटीतीर्थ उरलं आहे. त्याच्या काठी आबालाल रहिमान राहायचे. मुंबईच्या जे. जे. त शिकलेला माणूस, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार. महाराज गेले, १९२२ साली, तेव्हा आबालालांनी आपल्या चित्रांचा ढीगच्या ढीग कोटीतीर्थात सोडून दिला असं सांगतात. मी पोरांना ही गोष्ट दर वर्षी सांगायचो. एक पोरगं एकदा म्हणालं, "सर, आता टाकली तर बुडायची नाहीत, केंदाळावर तरंगतील." त्याला मी छडी मारायला हवी होती. हसलो.

महाराजांचं नाव आपणही घेतलंत त्या दिवशी. भाषणात तीनदा, मी मोजलं. 'शाहूंच्या विचारांची नगरी.' मग त्याच विचारांतला एक छोटा हिशेब बघा. २६ जुलै १९०२, नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा, हा हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. बादशहाच्या राज्यारोहणाला गेलेले. बोटीनं जायला आठवडे लागायचे, फोन नाही, व्हॉट्सॲप नाही. तरी हुकूम निघाला, करवीरच्या गॅझेटात छापला आणि अंमलात आला. साहेब, आपण तर त्या झाकणापासून सहा पावलांवर उभे होतात.

आणि १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण केलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. बापाला! मग झाकण न बसवणाऱ्याला एक रुपया लावून बघा ना. तिजोरी भरेल.

आमच्या रंकभैरवाजवळच्या नंदीची गोष्ट आहे. तो म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी आम्ही भिऊन खडूनं त्याच्या खुरापाशी रेघ मारून ठेवायचो. आता मला त्या नंदीचा हेवा वाटतो. त्याची फाइल निदान एका दाण्यानं तरी पुढं जाते.

थेट पाइपलाइनचं घ्या. काळम्मावाडी धरणाचं पाणी. २०१३ ला मंजुरी, नळाला पाणी आलं ते २०२३ च्या दिवाळीत. ५३ किलोमीटर अंतर, १० वर्षं. नातीला गणित घातलं, दिवसाला पंधरा मीटरसुद्धा होत नाहीत. तेवढं तर मी प्लॅस्टरसकट घरात चालतो. योजना ४८८ कोटींची, पुढचं तुम्हाला माहीत. आणि एवढं करून पाणी आलं, तर पंप बिघडला, गळती लागली, आज टँकर, उद्या टँकर. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायका याच तळ्यांच्या गावातल्या.

आणि नाट्यगृह? ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती, आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं थिएटर पेटलेलं. १९१५ सालचं, महाराजांनी बांधलेलं. मी खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभा होतो. आजूबाजूला मोठमोठी माणसं रडत होती, तालमीतले गडी, नाटकवाले, रिक्षावाले. जळका तुकडा उडत येऊन माझ्या सदऱ्यावर पडला, लाकूड होतं की कापड, कळेना. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवूनच मोठे झाले, मग बाबूरावांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी निघाली तीही इथंच. पुढं पुण्याला गेली, जाणारच. जे जे या गावात उगवतं ते एक तर पुण्याला जातं नाही तर जळतं. दुसऱ्या दिवशी भेट द्यायला आपल्या लोकांची रांग लागली. 'जसंच्या तसं उभं करू.' तेव्हाही कुणाचा तरी हात दोन्ही हातांत धरला असेल.

मंडळी म्हणतात, मास्तर, एका झाकणासाठी एवढं? अहो, झाकणच आहे ते! तळ्यात सांडपाणी जातं, शाम सोसायटीचा नाला, परताळा, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्यावर वर्षानुवर्षं काय केलं, तर काठाला फरश्या. मग त्या उचकटून दुसऱ्या फरश्या. मग रंगीत दिवे. प्रत्येकाचा फलक वेगळा, फलकावर कोटी, कोटींखाली हसरे चेहरे. संवर्धन म्हणजे पाणी राखणं आणि सुशोभीकरण म्हणजे पाण्याकडं पाठ करून फोटो काढणं, एवढा साधा फरक मी सातवीच्या पोराला समजावू शकेन. ज्याला घाण उपसायचं कंत्राट, त्याला ती साठलेलीच बरी. ज्याला झाकणाचं, त्याला ते फुटलेलंच बरं. माझ्या हाताचे पाऊण लाख गेले त्यातून कुणाची तरी टक्केवारी निघाली असती तर एव्हाना मला जीआर निघाला असता.

(नात म्हणते, वर अडुसष्ट हजार सांगितलंत. असू दे. रिक्षा, गोळ्या, एक्स-रे धरा.)

आणि विचारायचं कुणाला? २०२० च्या नोव्हेंबरात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं साडेपाच लाखांचं हे गाव प्रशासकाच्या सहीवर चाललं. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द एक इंच वाढलेली नाही. दर निवडणुकीला मात्र हद्दवाढीचा नारळ फुटतो. पूर आला की बोटीतून पाहणी, २०१९ ला झाली, २०२१ ला झाली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या घरात दूधवाल्याच्या हिशेबासारखं पाठ आहे. तुमच्या पातळ्या कुठल्या, तेवढं एकदा जाहीर करा. किती हात मोडले की इशारा आणि किती मोडले की धोका?

रागावू नका. कोल्हापूरचा माणूस गोड बोलायला कमी पडतो, पण हिशेब सोडत नाही. टोल द्यायचा नाही म्हणून हे गाव रस्त्यावर उतरलं आणि शेवटी टोल गेला. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वकिलांच्या दोन पिढ्या भांडल्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच आलं. झाकणाला किती वर्षं देता, सांगा. माझ्याकडं वेळ तसा कमी आहे.

मागणी एवढीच :

झाकण लोखंडी नको, चोरीला जातं. सिमेंटचं, सळई घातलेलं. माप वर दिलं आहे, मी स्वतः टेपनं घेतलंय, डाव्या हातानं, म्हणून अर्धा इंच इकडे-तिकडे. चार दिवे लावा. नुकसानभरपाई नको, ती मागायला जे चाळीस कागद लागतील त्यावर सही करायला माझ्याकडं हात नाही.

प्लॅस्टर पुढच्या मंगळवारी निघतंय. बुधवारी सकाळी मी त्याच कट्ट्यावर असेन. आपण यावं. हात मिळवणार नाही, नमस्कार करीन.

आपला,
एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(सही : नातीने केली)

ता. क. : काल संध्याकाळी शेजारचे पोर बघून आले. त्या खड्ड्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचली आहे आणि तिला लाल फडकं बांधलंय. हे काम आपल्या खात्यानं केलं असल्यास आभारी आहे. फांदी लिंबाची आहे, आठ दिवसांत वाळेल.