त्याच एका पक्ष्यासाठी पाचव्यांदा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारले, "एकदा पाहिलास ना तो पक्षी, मग पुन्हा पुन्हा कशाला जातेस?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. काल मी त्याला पाचव्यांदा पाहून आले, म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

त्याचे नाव लांब चोचीचा डाउविचर. बांधा पाणलाव्यासारखा, लांबी जेमतेम 29 सेंटिमीटर आणि वजन 100 ग्रॅमच्या आसपास. त्यात चोचच सहा-सात सेंटिमीटरची. ईशान्य सायबेरिया, अलास्का आणि वायव्य कॅनडाच्या टुंड्रा प्रदेशात हे पक्षी घरटी करतात आणि हिवाळ्यासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात व मेक्सिकोत उतरतात. अटलांटिकच्या या बाजूला, म्हणजे इकडे युरोपात, एखादा भरकटून आला, तरी बहुधा काही दिवसांत दिसेनासा होतो. हा मात्र शरद ऋतूत खाडीवरच्या राखीव क्षेत्रात उतरला आणि सगळा हिवाळा तिथेच राहिला आहे.

पहिल्या वेळी लपणात (आडोशाला बसून पक्षी पाहण्याच्या खोपीत) इतकी गर्दी होती की खिडकीशी जागा मिळायलाच अर्धा तास गेला. तो पाणटिवळ्यांच्या थव्यात, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपला होता. मी वहीत नाव, तारीख, वेळ लिहिली आणि समाधानाने परतले. घरी आल्यावर बाबांनी फोनवर सहज विचारले, "पाय कोणत्या रंगाचे होते?" मला सांगता आले नाही. ती गोष्ट मनाला लागून राहिली. (पाय मळकट हिरवट-पिवळे असतात, बाबा. तिसऱ्या खेपेला नीट पाहिले.)

खाडीवर जायचे तर आधी भरतीची वेळ पाहावी लागते. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि हजारो पक्षी त्यावर विखुरतात. त्यांत एक डाउविचर शोधणे जवळजवळ अशक्य. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले की पाणी सगळा चिखल झाकून टाकते आणि पक्ष्यांना लपणासमोरच्या दलदलीत येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांमधल्या कमी भरतीच्या दिवसांत पाणी तितके चढत नाही, त्यामुळे बरेच पक्षी दूरच राहतात; माझी दुसरी खेप अशीच फुकट गेली असती, पण मी संध्याकाळपर्यंत थांबले. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आता मी वेळापत्रक पाहूनच निघते आणि पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागा धरते.

मला खरी गोडी लागली ती त्याला खाताना पाहून. आई, तुझ्या शिवणयंत्राची सुई जशी कापडात खालीवर जाते, तशी त्याची चोच चिखलात जाते. न थांबता, एका लयीत, कधी कधी डोळ्यांपर्यंत डोके बुडवून. चिखलाखाली त्याला काही दिसत नाही. चोचीच्या टोकाला सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांतल्या स्पर्शपेशींना चिखलातला दाब जाणवतो, त्यावरून अळी किंवा किडा कुठे आहे हे त्याला कळते. शिवाय बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येते, म्हणजे भक्ष्य आत चिखलातच पकडता येते. हे मी वाचले होते, पण पहिल्या दिवशी झोपलेल्या पक्ष्याकडे पाहून त्यातले काहीही समजले नसते.

याला आखूड चोचीचा एक भाऊबंद आहे. दोघे इतके सारखे दिसतात की त्या दोन स्वतंत्र जाती आहेत हे 1950 मध्ये फ्रँक पिटेल्का या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या अभ्यासानंतर सर्वमान्य झाले. हिवाळ्यातल्या राखाडी पिसाऱ्यावरून ओळख पटवणे कठीण असते. आवाजावरून मात्र ती पटते. चौथ्या खेपेला बहिरी ससाणा आला, सगळा थवा एकदम उठला, आणि त्या कोलाहलात मला एक तीक्ष्ण, एकेरी 'कीक्' स्पष्ट ऐकू आले. आखूड चोचीचा असता तर सलग दोन-तीन मऊ सूर निघाले असते. वळताना त्याच्या पाठीवरची पांढरी पाचरही दिसली. तो क्षण फार तर चार सेकंदांचा होता, पण त्यासाठी मी आणखी चार वेळा गेले असते.

त्याच दिवशी एका माणसाने छायाचित्रासाठी कुंपण ओलांडले आणि विसावलेले पक्षी पुन्हा उडवले. भरतीची ती दोन-तीन तासांची विश्रांती त्यांना अन्नाइतकीच लागते. थंडीत विनाकारण घेतलेले प्रत्येक उड्डाण त्यांच्या शरीरातली चरबी जाळते. मला फार राग आला आणि मी त्या माणसाला तसे सांगितलेही.

बाबा, तुम्ही म्हणालात की तो बिचारा तुझ्यासारखाच एकटा पडला आहे. मला तसे वाटत नाही. डाउविचरची मादी पिल्लांची जबाबदारी नरावर सोडून निघून जाते, पुढे नरही जातो, आणि पिल्ले आपला पहिला प्रवास आईबापांशिवायच करतात. इथे तो पाणटिवळ्यांबरोबर चरतो, त्यांच्याबरोबर उडतो, त्यांच्यामध्ये झोपतो. आणि मला तर तुमचा दर रविवारी फोन येतो.

शरदात त्याच्या पाठीवरच्या पिसांना तांबूस कडा होत्या, असे तेव्हा पाहणारे सांगतात. आता तो सगळा राखाडी झाला आहे. वसंतात छाती-पोट विटकरी होऊ लागेल. तोपर्यंत तो थांबला, तर तो रंग तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही येणार त्या आठवड्यातच पौर्णिमा आहे. लपणापर्यंतची वाट सपाट असून मध्ये बसायला दोन बाकडी आहेत, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. तिपाईवरची दुर्बीण मी बसून पाहता येईल इतकी खाली लावून देईन. आईने गरम शाल मात्र आठवणीने आणावी. खिडक्या उघड्या असतात आणि पाण्यावरून येणारा वारा फार बोचतो.

तुमची लाडकी लेक