आप्पा, जिजाईच्या हातातल्या वहाणेने आमचा खेळ भरला

तीर्थस्वरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप गं पोरी" म्हणून बिडी पेटवता आणि विषय संपवता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय. गावाने वाचावं, आणि जुने सिनेमे लावायची हौस असलेल्या थिएटरवाल्यांनीही वाचावं.

श्रावणात आम्ही आमच्या थिएटरात 'संत तुकाराम' पहिल्यांदा लावला. १९३६ सालचा, प्रभातचा. फ्लेक्स छापला, फोनवर गावभर मेसेज पाठवले. अकरा माणसं आली, त्यातली तीन घरचीच. मुंबईत हाच बोलपट एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला होता. मी बुकिंगच्या खिडकीत बसून त्या अकरा तिकिटांचे अर्धुक परत परत मोजत होते. बाबा म्हणाले, "आप्पाला विचार."

तुम्ही सिनेमाच्या बॅनरचा ब्रश ठेवून किती वर्षं झाली होती, आप्पा? फ्लेक्स आला आणि तुमच्याकडे फक्त ट्रकच्या फाळक्यावरचे नंबर उरले. तरी तुम्ही एवढंच विचारलंत, "मांजरपाट किती हात आणू?"

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या भिंतीला तुम्ही कापड ताणलंत. सरस आणि खडूची पूड चढवलीत. दोरीला काव लावून सूत मारलंत, चौकोन पाडलेत. इथवर मला वाटत होतं, बॅनर रंगवून होईल आणि थिएटरवर चढेल. पण तुम्ही तो रस्त्यावरच रंगवणार होतात, आठवडाभर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि नाव शेवटच्या दिवसापर्यंत लिहिणार नव्हतात.

सोमवारी नुसती एक बाई रंगवलीत. नऊवारीचा काष्टा, कपाळावर आडवं कुंकू, आणि उजव्या हातात उगारलेली वहाण. समोर कोणी नाही, कोरं कापड.

मंगळवारपासून स्टँडवर दुसरा विषयच राहिला नाही. ही कुणाच्या अंगावर निघालीय? कंडक्टर म्हणाले, सासऱ्याच्या. रसवंतीवाला म्हणाला, सावकाराच्या, नक्की सावकाराच्या. कॉलेजची पोरं फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागली. माझ्या मेसेजकडे ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, तीच ही पोरं! तुम्ही मात्र जवसाच्या तेलात रंग कालवत बसायचात आणि कोणी विचारलं तर एकच उत्तर द्यायचात: "रविवारी साडेसहाला सांगतो. टाकीत या." थिएटरला 'टाकी' म्हणणारे गावात आता तुम्ही आणि बाबा दोघंच उरलात.

गुरुवारच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या आजी पाटी खाली ठेवून पाचेक मिनिटं चित्राकडे बघत राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "अगं, ही तुकोबाची जिजाई! पोर आजारी पडलं म्हणून इठोबाला मारायला निघालीय." बाजार थांबला. मी तिथे होते. तुमचा ब्रशही थांबला होता. दुपारनंतर त्या कोऱ्या जागेत तुम्ही विटेवरची दोन पावलं काढलीत. नुसती पावलं. मूर्ती शेवटपर्यंत पुरी केलीच नाहीत, आणि बरं केलंत.

तुम्ही ब्रश धुताना सांगितलेलं माझ्या मनात बसलंय. हा सिनेमा करणारे दामले आणि फत्तेलाल, दोघं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. आधी पडदे रंगवणारी माणसं, मग सिनेमावाले. तुमच्या गुरूंचे गुरू त्याच शहरातले, म्हणून तुम्हाला हे काम आपल्या घरचं वाटलं. पैसे घेतले नाहीत त्यामागचं कारणही हेच असणार.

मी तुम्हाला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती ना? सुरतेत नाटकं दोन आण्यांत सहा सहा तास चालायची, तिथे तीन आणे देऊन सिनेमाचा दीड तासाचा खेळ कोण बघणार? तर फाळक्यांनी जाहिरात केली: ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आणे. तुम्ही ऐकलंत आणि बाबांना बोलावलंत. मिनिटाला रिळाचे नव्वद फूट, सिनेमा १३१ मिनिटांचा. पाटीवर गुणाकार मांडलात आणि शनिवारी हातगाडीवर रंगवून आणलंत: "सव्वादोन मैल लांबीचे चित्र! तिकीट ५० रुपये!"

ती गाडी तुम्ही स्वतः ओढलीत. भोंगा हातात, आवाज तोच, माझ्या लहानपणचा: "चुकवू नका, चुकवू नका!" कुंभार गल्लीत शाळेची पोरं गाडीमागे धावली. हस्तपत्रकांसाठी पोरांना धावताना मी किती वर्षांनी पाहिलं! पेठेतल्या चढावर तुम्हाला दम लागला तेव्हा मी दांडी धरायला आले, तर मला ढकललंत. त्याचा राग नाही, काळजी आहे. पुढच्या वेळी दांडी मी धरणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

रविवारी खालचा सगळा हॉल भरला. बाल्कनीत दोन ओळी रिकाम्या राहिल्या, त्याही पुढच्या वेळी भरतील. कोथिंबीरवाल्या आजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. जिजाई देवळात शिरली आणि त्यांनी शेजारणीचा दंड असा धरला की ती "आई गं" म्हणाली, आणि आख्खी रांग हसली. तेव्हा तुम्ही प्रोजेक्टरच्या खोलीच्या दारात उभे होतात. पडद्याकडे तुमची पाठ होती, तुम्ही माणसांकडे बघत होतात. मी पाहिलं तुम्हाला.

बॅनर गुंडाळून त्याच खोलीत उभा ठेवलाय. उंदीर लागू नयेत म्हणून बाबांनी खाली कापूर टाकलाय. सफेदा संपला म्हणाला होतात, दोन किलो आणलाय, जवसाचं तेलही. मांजरपाट दिवाळीनंतर घेऊ, तेव्हा स्वस्त मिळेल. कोणता सिनेमा लावायचा ते तुम्ही ठरवा, आणि कोणालाही सांगू नका. मलासुद्धा नको. मी पण स्टँडवर उभी राहून ओळखणार आहे.

तुमची,
टाकीवाल्यांची थोरली