ब्रदर घड्याळाकडे का पाहतो?

माननीय संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेल्या करिअर पुरवणीत ‘मुलींसाठी उत्तम पर्याय’ अशा मथळ्याखाली नर्सिंगची माहिती दिली होती. माहितीत चूक नव्हती, पण मथळ्यापाशी मी अडखळलो, कारण बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडे रीतसर नोंदणी करून गेली अकरा वर्षे मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारक म्हणून काम करतो आहे.

रुग्णालयात आम्हाला ‘ब्रदर’ म्हणतात. नातेवाईक मात्र ‘मामा’ म्हणतात आणि वयस्कर मंडळी ‘कंपाउंडर’. मामा म्हणजे वॉर्डबॉय. त्यांच्यावाचून आमचा विभाग एक तासही चालणार नाही, त्यामुळे त्या हाकेत मला कमीपणा वाटत नाही. अडचण अशी की, मामा समजून एखाद्या नातेवाइकाने माझे सांगणे हसण्यावारी नेले, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोट तालुक्यातील एक आजोबा आमच्याकडे दाखल होते. मी त्यांच्या खाटेशेजारी मनगटावरील घड्याळाकडे पाहत उभा होतो, तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, “काय मामा, ड्यूटी संपायची वाट बघताय काय?” मी उत्तर दिले नाही, कारण बोललो असतो तर मोजणी चुकली असती. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात आणि तेही रुग्णाला कळू न देता, कारण कळले की माणूस नकळत श्वासाची लय बदलतो. प्रौढ माणसाचे श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. आजोबांचे २८ भरले. मॉनिटरवर रक्तदाब अजून ठीक दिसत होता, पण तो घसरण्याच्या आधी पुष्कळदा श्वासच वाढतात, म्हणून मी लगेच डॉक्टरांना फोन केला. संसर्ग रक्तात पसरू लागल्याचे निदान झाले, औषधे बदलली आणि आजोबा बरे होऊन घरी गेले. जाताना मुलगा डॉक्टरांच्या पाया पडला. त्यासाठी हात मोकळे हवेत म्हणून बिलांची फाइल त्याने माझ्याकडे दिली. डॉक्टरांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. फाइलही मी नीट धरली.

‘डॉक्टर सांगतात, नर्स करते’ एवढाच या कामाचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाची गोळी देण्याआधी नाडी मोजायची आणि ती साठाच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, किंवा पोटॅशियमचे इंजेक्शन सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे, थेट शिरेत कधीच सोडायचे नाही, या गोष्टी नुसत्या हुकूम पाळणाऱ्याच्या हातून निभावत नाहीत. शिवाय सोलापुरात आणखी एक शिक्षण घ्यावे लागते, जे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. पूर्व भागातील आजी तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणते, इंडी-आळंदकडून आलेला शेतकरी कन्नडमध्ये ‘नोवू’ म्हणतो, आणि दोघांनाही दुखते आहे हे दुभाष्याची वाट न पाहता ओळखावे लागते.

पुरुष नर्स असल्यास स्त्रियांना संकोच वाटणार नाही का, असे विचारले जाते. वाटतो, आणि तो रास्त आहे. अशा वेळी सिस्टर पुढे होतात. परंतु लघवीची नळी घालताना साठी उलटलेले गृहस्थ सिस्टरना पाहून अंग चोरून घेतात आणि ब्रदर आला की सुटकेचा निःश्वास टाकतात, हे कोणी विचारात घेत नाही. लग्नाच्या बाजाराविषयी लिहीत नाही. ‘मुलगा दवाखान्यात आहे’ या वाक्यापुढचा प्रश्न आला की माझे वडील अजूनही चहा मागवतात.

आपल्या शहराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा सार्थ अभिमान आहे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले, हे येथील शाळकरी मुलेही सांगतील. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या, हे मात्र मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. ‘डॉक्टरांची पत्नी’ एवढीच त्यांची ओळख उरावी, यात मला आमच्या व्यवसायाकडे पाहण्याची जुनी सवय दिसते.

नर्सिंगसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. त्याचे परिणाम वॉर्डापर्यंत पोहोचतील तेव्हा पोहोचतील. आपल्याकडे माझी मागणी त्याहून लहान आहे. पुढील पुरवणीत नर्सिंगच्या मथळ्यातून ‘मुलींसाठी’ हा शब्द काढावा आणि रुग्णालयाच्या बातम्यांत ‘डॉक्टर व इतर कर्मचारी’ असे लिहिण्याऐवजी ‘डॉक्टर, परिचारिका, परिचारक व इतर कर्मचारी’ असे लिहावे. ओळ थोडी लांबेल, पण जागा निघेल असे वाटते.

आपला विश्वासू,
एक परिचारक, सोलापूर